उतारा घरात असावा का?

मागील अंकात व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतलेल्या माणसाच्या पहिल्या काही महिन्यांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे नॅलॉक्झोन या एकाच औषधाभोवती, म्हणजे गर्दसारख्या द्रव्यांच्या अतिमात्रेवरच्या उताऱ्याभोवती, फिरणारी निघाली. पुण्यातल्या घरांमध्ये हे नाव आता पोहोचू लागले आहे, म्हणून या वेळचे सदर त्या पत्रांसाठीच राखले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा २६ वर्षांचा मुलगा गर्दच्या व्यसनावर चार महिने उपचार घेऊन नुकताच घरी आला आहे. दिवाळीला अमेरिकेहून आलेल्या भाच्याने नॅलॉक्झोनच्या, नाकात मारायच्या दोन फवाऱ्यांची पेटी माझ्या हाती दिली. त्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ती कोणालाही विनामूल्य मिळते म्हणे. माझ्या यजमानांना ती पेटी डोळ्यांसमोरही नको आहे. ‘पोरगा बरा होऊन आला आणि आपण त्याच्या मरणाची सोय घरात मांडून ठेवायची का,’ असे ते विचारतात. मी काय करावे? (एक आई, सिंहगड रस्ता)

उत्तर : ताई, पेटी ठेवा. ती कपाटात कुलूप लावून न ठेवता घरातल्या प्रत्येकाला, मुलालाही, माहीत असेल अशा जागी ठेवा. तुमच्या यजमानांची तगमग मला कळते. परंतु ही पेटी मरणाची सोय नाही, विषावरचा उतारा आहे. सापांचा वावर असलेल्या भागातल्या आरोग्य केंद्रात सर्पविषावरचे औषध ठेवतात, तेव्हा कोणी त्याला अपशकुन म्हणत नाही.

हा उतारा कसा काम करतो, ते समजले की त्याची भीती पुष्कळशी जाते. गर्द म्हणजे हेरॉईनचेच ओबडधोबड रूप. हेरॉईन, मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल ही सारी अफूवर्गीय द्रव्ये, ज्यांना ओपिऑइड म्हणतात, मेंदूतल्या ठरावीक ग्राहींना (पेशींवरच्या, द्रव्य जिथे बसते त्या जागांना) जाऊन चिकटतात. त्यामुळे वेदना शमते, तरंगल्यासारखे वाटते, आणि त्याच ग्राहींमार्फत श्वासाची लयही मंदावते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की एरवी मेंदू आपोआप श्वास घ्यायला लावतो. मात्रा झेपेनाशी झाली की हा इशाराच मेंदूला ऐकू येईनासा होतो. माणूस तडफडत नाही, ओरडत नाही, गाढ झोपल्यासारखा दिसतो. घशातून घोरल्यासारखा किंवा गुरगुरल्यासारखा आवाज येतो, आणि शेजारचा माणूस म्हणतो, ‘दमलाय, झोपू दे.’ माझ्या अनुभवात या एका वाक्याने जितका घात केला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाने केला असेल. श्वास पूर्ण थांबायला अनेकदा बराच वेळ लागतो, आणि त्या वेळात कोणीतरी जवळपास असते. म्हणूनच उतारा रुग्णालयाच्या फडताळात असून भागत नाही, तो त्या जवळच्या माणसाच्या हातात असावा लागतो.

नॅलॉक्झोन त्याच ग्राहींना अधिक घट्ट चिकटते आणि तिथे बसलेल्या द्रव्याला बाजूला सारते. नाकातून किंवा स्नायूत दिल्यावर साधारण दोन ते तीन मिनिटांत श्वास परतू लागतो. त्याची स्वतःची नशा नाही, सवय लागत नाही, आणि शरीरात अफूवर्गीय द्रव्य नसेल तर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. हे औषध नवे नाही. जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन यांनी १९६१ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि १९८३ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आपल्याकडच्या शस्त्रक्रियागृहांतही भूलतज्ज्ञ ते कित्येक वर्षे वापरत आले आहेत. नवी आहे ती ते सामान्य माणसाच्या हाती देण्याची कल्पना.

आता नाजूक मुद्दा. चार महिन्यांपूर्वी मुलाचे शरीर जी मात्रा सहज पचवत होते, ती आता त्याला पचणार नाही, कारण द्रव्यापासून दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. घसरणीच्या एखाद्या संध्याकाळी माणूस हात मात्र जुन्याच सवयीने चालवतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मृत्यू येण्याचा धोका इतर नागरिकांच्या तुलनेत १२९ पट आढळला. व्यसनमुक्ती केंद्र म्हणजे तुरुंग नव्हे, तरीही शरीरात घडणारी गोष्ट तीच आहे. हे मी तुमच्या मुलाच्या निर्धारावर शंका म्हणून सांगत नाही. घसरण हा या आजाराचा भाग आहे, आणि घसरलेला माणूस पुन्हा उभा राहण्यासाठी आधी जिवंत असावा लागतो. पेटीविषयी त्याच्याशी मोकळेपणाने बोला. ‘तुझ्यावर विश्वास नाही म्हणून आणली’ असे त्याला वाटू नये, यासाठी ती कशी वापरायची हे त्यालाच घरातल्यांना शिकवू द्या.

वेळ आलीच तर काय करायचे, तेही सांगतो. हाक मारा, जोरात हलवा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या पेरांनी घासा. प्रतिसाद नाही, श्वास अतिशय संथ आहे, ओठ किंवा नखे निळसर-करडी पडली आहेत आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, असे दिसले तर एकाने १०८ क्रमांकावर फोन करावा आणि दुसऱ्याने फवारा हाती घ्यावा. आधी हवेत मारून बघू नका. एका फवाऱ्यात एकच मात्रा असते. उताणे झोपवून मान किंचित मागे करा, फवाऱ्याचे टोक एका नाकपुडीत पूर्ण घाला आणि दट्ट्या शेवटपर्यंत दाबा. त्यानंतर हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून, दर पाच ते सहा सेकंदांनी तोंडाने एक श्वास द्या. घाबरलेल्या घरात नेमके हेच विसरले जाते, आणि औषध चढेपर्यंत मेंदूला जगवणारी गोष्ट हीच असते. नाडी लागत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. तीन मिनिटांत फरक दिसला नाही तर दुसरा फवारा दुसऱ्या नाकपुडीत मारा. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा. तोंडावर पाणी मारणे, चपराका देणे, मिठाचे पाणी पाजणे यांतले काहीही करू नका.

शुद्धीवर आलेला मुलगा तुमचे आभार मानेल, अशी अपेक्षा ठेवू नका. औषधाने एकाएकी टर्की लागते, म्हणजे उलट्या, घाम, अंगदुखी आणि चिडचिड सुरू होते. तो तुमच्यावर ओरडेल, कदाचित घराबाहेर जायला निघेल. त्याला थांबवून धरणे आवश्यक आहे, कारण नॅलॉक्झोनचा प्रभाव ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि शरीरातले मूळ द्रव्य त्याहून अधिक काळ टिकू शकते. माणूस बरा झाला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि तासाभराने श्वास पुन्हा मंदावतो. त्यामुळे तो शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यायचेच.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. ज्यांनी आपल्या हाताने आयुष्याची राखरांगोळी केली, त्यांना फुकट उतारा वाटणे म्हणजे ‘घ्या बिनधास्त, आम्ही आहोत’ असे सांगणे नव्हे काय? समाजाच्या पैशाला याहून चांगले उपयोग नाहीत का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : सर, ही शंका प्रामाणिक आहे आणि ज्या ज्या देशात ही योजना आली, तिथे तिथे ती विचारली गेली आहे. तिला एक उत्तर व्यवहाराचे आहे. नॅलॉक्झोन मिळालेला माणूस कसा दिसतो, हे वर लिहिलेच आहे. नशा क्षणात उतरते आणि टर्की सुरू होते. ज्याने हे एकदा भोगले, तो त्याच्या भरवशावर जास्त मात्रा घेईल हे संभवत नाही. या विषयावर झालेल्या अभ्यासांतही औषध वाटल्याने सेवन वाढल्याचा भक्कम पुरावा पुढे आलेला नाही.

दुसरे उत्तर इतिहासाचे. १९९६ मध्ये शिकागोत डॅन बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, कुठलीही सरकारी योजना नसताना, सेवन करणाऱ्यांच्याच हाती हे औषध देण्यास सुरुवात केली. त्यांचा विचार साधा होता : अतिमात्रेच्या वेळी शेजारी डॉक्टर नसतो, दुसरा सेवन करणारा असतो. पुढे अमेरिकेत ठिकठिकाणी असे गट उभे राहिले. १९९६ ते २०१० या काळात त्यांनी ५३ हजारांहून अधिक लोकांना प्रशिक्षण आणि औषध दिले आणि १० हजारांहून अधिक जणांना परत आणल्याच्या नोंदी त्यांच्याकडे आल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या १९ वस्त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्त्यांत प्रशिक्षित माणसांचे प्रमाण कमी होते तिथे मृत्युदर, अशी योजना नसलेल्या काळाच्या तुलनेत, सुमारे २७ टक्क्यांनी कमी आढळला. जिथे प्रमाण जास्त होते तिथे सुमारे ४६ टक्क्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये, अतिमात्रा पाहण्याची वेळ ज्यांच्यावर येऊ शकते अशा सर्वांना हे औषध उपलब्ध असावे, अशी शिफारस केली. २०२३ मध्ये अमेरिकेने नाकातला फवारा चिठ्ठीशिवाय विकण्यास परवानगी दिली, आणि ऑस्ट्रेलियात जुलै २०२२ पासून ते देशभर विनामूल्य मिळते.

तुमच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. राष्ट्रीय पातळीवर हा कार्यक्रम सर्वप्रथम २०११ मध्ये स्कॉटलंडने सुरू केला, तरीही २०२० मध्ये तिथे अमली द्रव्यांमुळे १,३३९ मृत्यू झाले. उताऱ्याने जीव वाचतो, व्यसन सुटत नाही. उपचार, ब्युप्रेनॉर्फिनसारखी पर्यायी औषधे, काम, घर हे सारे नसेल तर तोच माणूस पुन्हा पुन्हा त्याच काठावर येतो. परंतु ‘राखरांगोळी’ या शब्दाविषयी माझे मत वेगळे आहे. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हा गर्द घेणारा माणूस कायमचा वाया गेला असेच बहुतेकांचे मत होते. तिथून बाहेर पडलेली आणि आज तुमच्या-आमच्यात नोकरी-संसार करणारी माणसे या शहराला पुष्कळ ठाऊक आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळाची रुग्णवाहिका आहे. पूर्व भागात एमडी पावडरने मुले वाया जात आहेत. वर्गणीतून हे इंजेक्शन घेऊन आम्ही मोफत वाटू शकतो का? कार्यकर्त्यांनी सुई टोचली तर पोलिसांचे लचांड मागे लागेल का? (एक कार्यकर्ता, गणेशोत्सव मंडळ)

उत्तर : दादा, आधी एक गैरसमज दूर करू. एमडी म्हणजे मेफेड्रोन, आणि ते अफूवर्गीय नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या कारखान्यापर्यंत पोहोचलेल्या पुणे पोलिसांच्या कारवाईमुळे हे नाव घरोघरी गेले, परंतु ते उत्तेजक द्रव्य आहे. त्याच्या अतिमात्रेत माणूस तापतो, थरथरतो, छाती धडधडते, भ्रम होतो, झटके येतात. तिथे नॅलॉक्झोन चालत नाही. अंग थंड करायचे, गर्दी हटवायची आणि तातडीने रुग्णालय गाठायचे. मात्र काय घेतले हे माहीत नाही, माणूस बेशुद्ध आहे आणि श्वास संथ आहे, अशा वेळी नॅलॉक्झोन देऊन पाहावे. चूक झाली तरी अपाय होत नाही.

मग पुण्यात त्याची गरज कोणाला? गर्द ओढणाऱ्यांना आणि टोचून घेणाऱ्यांना, वेदनाशामक गोळ्यांच्या किंवा कोडीनच्या खोकल्याच्या औषधाच्या नादी लागलेल्यांना, आणि येरवड्याच्या कारागृहाच्या दारातून बाहेर पडणाऱ्या जुन्या व्यसनींना. त्यात दारू किंवा अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांची भर पडली की धोका अनेक पटींनी वाढतो. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यानुसार देशात सुमारे २.०६ टक्के लोक अफूवर्गीय द्रव्ये घेतात आणि साधारण ७७ लाख लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. पंजाब आणि ईशान्येचाच हा प्रश्न, असे म्हणून पुण्याला हात झटकता येणार नाहीत.

कायद्याचे म्हणाल तर नॅलॉक्झोन हे अमली द्रव्य नाही, त्यामुळे ते जवळ बाळगल्याने १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचा भंग होत नाही. शिवाय त्याच कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, अल्प प्रमाणातील द्रव्याच्या किंवा सेवनाच्या आरोपातील व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने उपचार घेत असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. पण रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने जे कवच दिले, तसे कवच अतिमात्रेच्या प्रसंगी फोन करणाऱ्याला आपल्या कायद्यात स्पष्टपणे नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने ते २००७ मध्येच दिले आणि पुढे बहुतेक राज्यांनी दिले, कारण मित्र निळा पडत असताना पोलिसांच्या धास्तीने पळून जाणारे लोक तिथेही होते. नगरसेवक-आमदारांकडे मागणी घेऊन जायचे असेल तर ती ही असावी.

आता वाटपाचे. मंडळाने परस्पर इंजेक्शने विकत घेऊन वाटू नयेत. आपल्याकडे हे औषध मुख्यतः ०.४ मिलिग्रॅमच्या अँप्यूलमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या कुपीत, मिळते आणि दुकानदार त्यासाठी चिठ्ठी मागतो. मी ज्या दुकानांत विचारले, त्यांतल्या बहुतेकांना ते मागवून द्यावे लागले. एखादे व्यसनमुक्ती केंद्र किंवा मनोविकारतज्ज्ञ सोबत घ्या. धोका असलेल्या व्यक्तीच्या नावे चिठ्ठी डॉक्टरांनी लिहावी, औषधाचा खर्च मंडळाने उचलावा, आणि घरच्यांना व कार्यकर्त्यांना शिकवण्याचे काम दोघांनी मिळून करावे. दोन अँप्यूल, दोन सिरिंज, हातमोजे, तोंडाने श्वास देताना वापरायचा पडदा आणि मराठीत छापलेले एक कार्ड, एवढे एका डब्यात मावते. इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचे असते आणि मोसंब्यावर सराव करून ते एका दुपारी शिकता येते.

अडाणी हातात सुई कशी द्यायची, असे कोणी म्हणालेच, तर त्यांना गडचिरोलीची आठवण करून द्या. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार, तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले होते. महाराष्ट्रातल्या आरोग्यदूत बाईने जे करून दाखवले, ते पुण्यातल्या रुग्णवाहिकेवरच्या पदवीधर मुलाला जमू नये असे काही नाही. मणिपूर आणि नागालँडमध्ये टोचून घेणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या गटांनी हे औषध याच पद्धतीने वस्तीपर्यंत पोहोचवलेले आहे. तुमच्या रुग्णवाहिकेत अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, आहे का आणि ती चालवता येणारा कोणी प्रत्येक पाळीत असतो का, हेही तपासा. औषधाइतकेच महत्त्व तिला आहे. ३१ ऑगस्ट हा अतिमात्रेविषयीच्या जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस २००१ मध्ये मेलबर्नमधून सुरू झाला. तो बहुधा आपल्या उत्सवाच्या आगेमागे येतो, तेव्हा प्रात्यक्षिकासाठी मांडव आयता आहे.

प्रश्न : वडिलांना कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू आहेत. भीतीने आई अर्धीच गोळी देते. आम्हीही नॅलॉक्झोन ठेवावे का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आईंना आधी पूर्ण गोळी द्यायला सांगा. डॉक्टरांनी हळूहळू वाढवत नेलेली मॉर्फिनची मात्रा सुरक्षित असते, आणि अर्धी गोळी म्हणजे वडिलांना विनाकारण भोगायला लावलेली वेदना आहे. मूत्रपिंडे मंदावली असतील, झोपेची गोळी सोबत असेल किंवा मात्रा नुकतीच वाढवली असेल, तर वेदनाशमन करणाऱ्या डॉक्टरांना नॅलॉक्झोनविषयी अवश्य विचारा, पण स्वतःच्या मनाने देऊ नका. अशा रुग्णाला पूर्ण मात्रा एकदम दिली तर थोपवलेली सारी वेदना एका क्षणात परत येते. अखेरच्या दिवसांत श्वास संथ होणे ही निसर्गाची चाल असते, तिथे या औषधाचे काम नाही. फेंटानिलची पट्टी लावत असाल तर तिच्यावर शेकाची पिशवी ठेवू नका. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत दुमडून टाका आणि नातवंडांच्या हाती लागू देऊ नका.

प्रश्न : आमच्याकडच्या फवाऱ्याची मुदत मार्चमध्ये संपते. पेटी गाडीत ठेवली होती. आता टाकून द्यावी का? (एक परिचारिका, हडपसर)

उत्तर : गाडीतून आजच काढा, एप्रिलच्या उन्हात उभी असलेली बंद गाडी म्हणजे भट्टीच. घरातल्या साध्या तापमानाला, उजेडापासून दूर ठेवा, फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात नको. मार्चपूर्वी नवी पेटी किंवा अँप्यूल मिळवण्याची खटपट करा. मुदत उलटलेल्या साठ्यांच्या तपासण्यांत औषधाचा प्रभाव बराच टिकून असल्याचे आढळले आहे, म्हणून नवी हाती येईपर्यंत जुनी फेकू नका, आणि प्रसंग आला व हाताशी तेवढीच असली तर तीच वापरा. दोन्ही पेट्यांवर तारखा ठळक शाईने लिहून ठेवा.